पिशवी, अंकुर आणि कॅन्सर

गेल्या पावसाळ्यात शाळेत मला विज्ञान शिकवणारे सर घरी आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. पिशवीतून एक जुना अहवाल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "अरे, तू पेशींवर काम करतोस ना? मग हे वाच आणि सांग." मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, औषधांचा नव्हे, हे सांगून पाहिले. पण सरांपुढे काही चालले नाही.

अहवाल चार वर्षांपूर्वीच्या कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा होता. त्यात दोन गोष्टी नोंदल्या होत्या. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागात 'अनेक डायव्हर्टिक्युला', आणि त्याच्या वरच्या बाजूला '१२ मिलिमीटरचा एक पॉलिप, काढून तपासणीस पाठवला'. सोबत प्रयोगशाळेचा कागद टाचला होता: 'अ‍ॅडेनोमा. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी.'

सर म्हणाले, "पिशव्या अनेक आहेत आणि पॉलिप एकच, तोही काढून टाकलेला. म्हणजे खरा धोका पिशव्यांचाच. त्या वाढून त्यांचे पॉलिप होतात आणि पॉलिपचा कॅन्सर, असं मला कुणी तरी सांगितलं. चार वर्षं मी पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे सगळं सोडलंय. बिया त्या पिशव्यांत अडकायला नकोत!"

"आणि तीन वर्षांनंतरची तपासणी?"

"ती कशाला? पॉलिप तर काढलाच की."

सरांनी ज्याला भ्यायला हवे होते त्याकडे पाठ फिरवली होती, आणि ज्याला भ्यायचे कारण नव्हते त्याच्या भीतीने पेरू सोडला होता. हा घोटाळा त्यांच्या एकट्याचा नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अहवालांत हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकत्र येतात आणि तिसरा शब्द, कॅन्सर, मनात आपोआप उमटतो. या तिघांचे परस्परांशी नाते काय, ते या लेखात पाहू.

एक भिंत, दोन बिघाड

आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. पोटाच्या उजव्या बाजूला खाली सुरू होऊन ते वर चढते, आडवे जाते, डावीकडे खाली उतरते आणि एक नागमोडी वळण घेऊन मलाशयाला मिळते. या नागमोडी भागाला सिग्मॉइड म्हणतात. आतड्याच्या भिंतीत सर्वांत आत श्लेष्मल अस्तर असते. त्याखाली मऊ ऊतींचा एक थर आणि त्याबाहेर स्नायूंचे थर. स्नायू आळीपाळीने आवळतात, सैल पडतात आणि मळ पुढे सरकतो.

अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून येतात. आत शिरताना त्यांना स्नायूंचा थर भेदावा लागतो. जेथे त्या भेदून जातात तेथे भिंत थोडी दुबळी असते. आतला दाब वाढत राहिला की अशा जागेतून आतले अस्तर बाहेरच्या बाजूला फुगते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तेथून फुग्यासारखी बाहेर येते, ते दृश्य आठवा. आतड्यावर आलेला असा फुगा म्हणजे डायव्हर्टिक्युलम; अनेक असले की डायव्हर्टिक्युला. आपण त्यांना साध्या भाषेत पिशव्या म्हणू. दुर्बिणीतून पाहिले तर जुन्या घराच्या भिंतीत कोनाड्याचे तोंड दिसावे तशी ती दिसते.

या पिशव्या सिग्मॉइडमध्येच अधिक का होतात? त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. भिंतीतला ताण तेवढाच असेल तर नळीची त्रिज्या जितकी कमी तितका आतला दाब जास्त, हा लाप्लासचा नियम. मोठ्या आतड्याचा सर्वांत अरुंद भाग सिग्मॉइड आहे. म्हणून तेथे दाब सर्वाधिक. अर्थात दाब ही एकच गोष्ट नव्हे. वयाबरोबर भिंतीतल्या तंतूंचा चिवटपणा कमी होतो आणि अनुवंशिकतेचाही भाग असतो. जपानसारख्या आशियाई देशांत या पिशव्या बहुधा आतड्याच्या उजव्या भागात आढळतात, त्याचा उलगडा केवळ दाबाने होत नाही.

आता पॉलिप पाहा. तो भिंतीच्या आतल्या बाजूला, पोकळीत वाढतो. भिंत येथे कुठेही दुबळी झालेली नसते. अस्तरातल्या पेशीच प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात. कधी त्याला अळंबीसारखा देठ असतो, कधी तो चामखिळीसारखा बसका असतो, तर कधी जवळजवळ सपाट. आपण त्याला अंकुर म्हणू.

फळ्यावर आतड्याचा आडवा छेद काढला तर फरक एका दृष्टिक्षेपात कळतो. पिशवी बाहेर जाते, अंकुर आत येतो. पिशवीत भिंतीचा आकार बदलतो पण पेशी नेहमीच्याच असतात. अंकुरात पेशींचे वागणेच बदललेले असते. पहिला बिघाड बांधकामाचा आहे, दुसरा पेशींच्या शिस्तीचा. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होण्याचा मार्ग कोणाला आढळलेला नाही.

अंकुरापासून कॅन्सरपर्यंत

आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. म्हणजे दर आठवड्याला आपल्याला नवे अस्तर मिळते. एवढ्या प्रचंड नक्कलकामात डीएनएची एखादी चूक होणारच. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा ती पेशी झडून गेल्याने निकालात निघतात. पण मूळ पेशीतच चूक झाली आणि टिकली, तर तिच्या सगळ्या वंशजांत ती उतरते.

'एपीसी' नावाचे एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालते. पाचव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९९१ साली ओळखले गेले. एखाद्या पेशीत त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की पेशी थांबायचे विसरते आणि अंकुर धरू लागतो. अशा अंकुराला अ‍ॅडेनोमा म्हणतात. तो अजून कॅन्सर नसतो. पुढे त्याच पेशींत 'के-रास' या जनुकात बदल झाला तर वाढीला जोर येतो. आणखी काही जनुकांनंतर 'पी-५३' हे पेशीची राखण करणारे जनुक बिघडले की पेशी भिंतीत खोल शिरू लागतात. आता तो कॅन्सर झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी ही पायऱ्यांची मांडणी १९९० साली केली. सगळे कॅन्सर याच पायऱ्या चढत नाहीत. करवतीच्या दातांसारखी रचना असलेल्या अंकुरांचा मार्ग वेगळा आहे. पण बहुसंख्यांची कथा अशीच आहे, आणि ती घडायला साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात.

याला पुरावे काय? पहिला पुरावा आकाराचा. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मुटो, बसी आणि मॉर्सन यांनी १९७५ साली हजारो अंकुरांची तपासणी प्रसिद्ध केली. १ सेंटिमीटरपेक्षा लहान अ‍ॅडेनोमांत कॅन्सर शंभरात सुमारे एकात होता, १ ते २ सेंटिमीटरच्या गटात सुमारे दहांत आणि २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्यांत जवळजवळ निम्म्यांत.

दुसरा पुरावा निसर्गानेच मांडून ठेवला आहे. काही कुटुंबांत एपीसी जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. अशा व्यक्तींच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो, कधी हजारो अंकुर येतात, आणि उपचार न केल्यास साधारण चाळिशीपर्यंत कॅन्सर जवळजवळ अटळ असतो.

तिसरा पुरावा सर्वांत मोलाचा. अंकुर काढला तर कॅन्सर टळतो का? दुर्बिणीतून तारेचा फास घालून अंकुर काढण्याचे तंत्र १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी वापरात आणले. पुढे अमेरिकेतील 'नॅशनल पॉलिप स्टडी' या पाहणीत अ‍ॅडेनोमा काढलेल्या १,४१८ जणांवर लक्ष ठेवले गेले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात कॅन्सरचे प्रमाण तुलनेच्या गटांपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते. कारण काढले आणि कार्य घटले. कार्यकारणाचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

मात्र प्रत्येक अंकुर कॅन्सर होतो असे नाही. अ‍ॅडेनोमांपैकी शंभरात पाच-दहाच त्या वाटेने शेवटपर्यंत जातात असा अंदाज आहे. ते नेमके कोणते, हे आधी सांगता येत नाही, म्हणून दिसेल तो काढतात.

मग नाते असल्यासारखे का वाटले?

पिशव्या आणि कॅन्सर यांची सांगड घालण्यामागे अगदीच वेडेपणा नव्हता. डेनिस बर्किट हे शल्यचिकित्सक युगांडात बरीच वर्षे काम करत होते. इंग्लंडमध्ये नित्य दिसणारे आतड्याचे कितीतरी विकार आफ्रिकेच्या खेड्यांत क्वचितच दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९७१ साली नील पेंटर यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी डायव्हर्टिक्युलाच्या विकाराला आहारातील चोथ्याच्या अभावाचा रोग म्हटले. त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दलही बर्किट यांनी असेच मत मांडले. दोन्ही रोग एकाच समाजात, एकाच वयात. तेव्हा दोघांचे मूळ एक असावे, किंवा एकातून दुसरा होत असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या रोगात कॅन्सरचा धोका वाढतो, हे ठाऊक होते. पिशव्यांनाही कधी कधी सूज येते. मग तेथेही तसेच होत असेल का?

ही शंका तपासताना तीन सापळे टाळावे लागतात. ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे आहेत.

पहिला सापळा वयाचा. शिक्षकांच्या खोलीत पाहिले तर ज्यांचे केस पांढरे आहेत त्यांच्याचकडे चाळिशीचा चष्मा अधिक आढळेल. म्हणून केस काळे केल्याने चष्मा जात नाही! दोन्ही वयाबरोबर येतात. पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या आतड्यात पिशव्या असतात. अंकुर आणि कॅन्सरही वयाबरोबरच वाढतात. तेव्हा एकाच व्यक्तीत दोन्ही आढळणे हे बऱ्याचदा केवळ वयाचे गणित असते. पिशव्या असलेल्यांत अंकुर जास्त सापडतात का, याबद्दल काही पाहण्यांनी 'हो' म्हटले आहे आणि काहींनी 'नाही'. पण दोन्ही एकत्र सापडले तरी एकातून दुसरे झाले असे ठरत नाही.

दुसरा सापळा शोधण्याचा. शाळेत नेत्रतपासणी शिबिर झाले की त्या महिन्यात चष्मा लागणाऱ्या मुलांची संख्या एकदम वाढते. शिबिराने डोळे बिघडवलेले नसतात. आधीच बिघडलेले उघडकीला आणलेले असतात. पोट दुखते म्हणून माणूस रुग्णालयात जातो, पिशव्यांचे निदान होते, आणि त्याच तपासण्यांत आधीपासून असलेला कॅन्सरही सापडतो.

तिसरा सापळा सोंगाचा. आतड्याची भिंत जाड झालेली, आजूबाजूला सूज, कधी गळू. सीटी स्कॅनवर सुजलेली पिशवी आणि कॅन्सर दोन्ही असेच दिसू शकतात. म्हणजे सुरुवातीला 'पिशवीची सूज' म्हटलेला आजार प्रत्यक्षात पहिल्यापासून कॅन्सरच असू शकतो.

हे सापळे ओळखायचे कसे? कालक्रम पाहून. पिशव्यांमुळे कॅन्सर होत असेल तर तो हळूहळू, वर्षांगणिक वाढत जायला हवा. स्वीडनमध्ये १९९२ ते २००६ या काळातील सुमारे ४१ हजार कोलन कॅन्सरच्या रुग्णांची तुलना कॅन्सर नसलेल्यांशी केली गेली; हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. पिशव्यांच्या विकारासाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कॅन्सर सापडण्याची शक्यता काही गटांत ३० पटींच्याही वर होती. पण एक वर्ष उलटल्यावर ती इतरांइतकीच झाली! दहा वर्षे लागणारी प्रक्रिया सहा महिन्यांत उरकून मग थांबत नाही. पहिल्या महिन्यांतले ते कॅन्सर आधीपासूनच होते. तपासणीमुळे सापडले किंवा सुरुवातीला दुसऱ्या नावाने ओळखले गेले.

बर्किट यांच्या चोथ्याचे काय झाले? ते अंशतः खरे ठरले. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत शाकाहारी लोकांना पिशव्यांच्या विकारासाठी रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले (२०११). उलट, अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जणांच्या कोलोनोस्कोपीत चोथा जास्त खाणाऱ्यांच्या आतड्यात पिशव्या कमी असल्याचे दिसले नाही (२०१२). चोथा पिशवी होणे टाळतो की नाही याबद्दल वाद आहे; तिच्यापासून होणारा त्रास तो कमी करत असावा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरलाही चोथायुक्त आहाराने काही प्रमाणात आळा बसतो. म्हणजे भाकरी, उसळ आणि पालेभाजी दोन्हीकडून हिताचीच.

आता आपण काय करायचे?

बहुतेकांना पिशव्यांचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. सुमारे शंभरात पाच जणांच्या पिशवीला कधी तरी सूज येते. ओटीपोटात, बहुधा डावीकडे, दुखते आणि ताप येतो. काहींना पिशवीतून अचानक, न दुखता पुष्कळ रक्तस्राव होतो. या दोन्ही वेळी तातडीने डॉक्टर गाठावा. सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करण्याचा सल्ला पुष्कळदा देतात, तो वर सांगितलेल्या सोंगासाठी. २०१४ सालच्या एका एकत्रित अभ्यासात साध्या सुजेच्या रुग्णांत कॅन्सर शंभरात एकापेक्षाही कमी जणांत निघाला. पण गळू किंवा आतडे फुटणे अशी गुंतागुंत असलेल्यांत तो शंभरात सुमारे अकरा जणांत निघाला.

बियांची भीती मात्र निराधार आहे. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १८ वर्षे लक्ष ठेवून २००८ साली निष्कर्ष आला, की शेंगदाण्यासारखे दाणे, मका किंवा लाह्या खाल्ल्याने पिशव्यांचा त्रास वाढत नाही.

अंकुर मात्र मुकाट असतो. त्याचा रक्तस्राव बहुधा इतका थोडा असतो की डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच अनेक देशांत पन्नाशीच्या सुमारास, कुठे त्याआधीही, शौचातील अदृश्य रक्ताची चाचणी किंवा कोलोनोस्कोपी केली जाते. आपल्याकडे या कॅन्सरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरच्या तपासणीवर भर आहे. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या बाबतीत आपणच जागरूक राहायला हवे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ मध्ये आलेल्या ८०० रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. आपली लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचे एक कारण असेल. पण 'हा म्हाताऱ्यांचा रोग' म्हणून निर्धास्त राहता येणार नाही, एवढे खरे.

शौचातून रक्त पडले की आपण 'मूळव्याध असेल' म्हणून गप्प बसतो. मूळव्याध असेलही; पण ते तपासणीने ठरावे, अंदाजाने नव्हे. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण न सापडणारा पंडुरोग, विनाकारण घटलेले वजन, घरात कोणाला हा कॅन्सर झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. आणि ज्याचा अ‍ॅडेनोमा काढला आहे, त्याने दिलेली तारीख पाळावी. पूर्ण काढलेला अंकुर सहसा परत येत नसला, तरी ज्या अस्तरात एक उगवला त्यात दुसरा उगवण्याचा संभव असतो.

हे सगळे मी सरांना कागदावर आतड्याचा छेद काढून सांगितले. सर बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वर्गात मी जन्मभर ओरडून सांगितलं, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. आणि स्वतःच्या पोटाची वेळ आली तेव्हा विसरलो!"

पुढच्या महिन्यात त्यांनी तपासणी करून घेतली. पिशव्या होत्या तिथेच होत्या. आणखी एक अंकुर निघाला, ६ मिलिमीटरचा, तो तिथल्या तिथे काढला. त्यानंतर त्यांचा फोन आला तेव्हा ते पेरू खात होते.